चित्रेखालचा धूमकेतू

जयवंताला आभाळाचं वेड कधीच नव्हतं. ते तिच्या नवऱ्याला होतं, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं तिनं ते नुसतं सोसलं.

ती माळेगाव बुद्रुकची. वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर, ऊस आत ढकलणाऱ्या पट्ट्यावर, कामाला. कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं आणि मळीच्या वासात झोपायचं, असं तिचं लहानपण गेलं. वरकुट्याच्या मोहनराव बोराट्यांचं स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी एवढंच पाहिलं, की मुलगा आयटीआय झालाय आणि एका सहकारी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात लागलाय. मुलगा बोलत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. लाजाळू असेल, असं सगळे म्हणाले.

मोहनराव लाजाळू नव्हते. त्यांना बोलायचंच नसायचं. कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत जयवंतानं त्यांच्याबरोबर उभी हयात काढली. ते प्यायले नाहीत, त्यांनी हात उगारला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. पण जेवताना वाढलेलं आवडलं की नाही, तेसुद्धा ताटाकडं बघूनच ओळखायचं. सुट्टीच्या दिवशी ते जुना कॅमेरा खोलून बसत किंवा छतावर जाऊन उताणे पडत. शेजारणी विचारत, "मालक काय करत्यात वर?" जयवंता म्हणायची, "चांदण्या मोजत्यात." त्यावर सगळ्या हसत आणि तीही हसे. नंतर घरात आल्यावर मात्र तिला त्या हसण्याची लाज वाटे.

निवृत्तीनंतर दोघं वरकुट्याला रानात राहायला आले. पेरूची बाग होती, शेजारी ऊस. मुलगा इंद्रजित लोणी देवकरला एमआयडीसीत नोकरीला होता. तो आणि सून श्रेया तिथंच एकत्र राहत. मोहनरावांनी नव्या स्लॅबवर सिमेंटचा एक खांब बांधून घेतला आणि त्यावर ताऱ्यांच्या चालीनं हळूहळू फिरणारं एक यंत्र बसवलं. त्या यंत्रावर मोठ्या भिंगाचा कॅमेरा. रोज पहाटे सूर्य उगवायच्या आधी ते पूर्वेकडचे फोटो काढत आणि दुपारी कॉम्प्युटरवर कालचा फोटो आजच्या फोटोशी ताडून बघत.

पहिल्या हिवाळ्यात गुडघ्याच्या दुखण्यानं जयवंताला पहाटेच जाग यायला लागली. एकदा ती चहा घेऊन वर गेली. मोहनरावांनी कप घेतला, थोडं सरकून तिला बसायला जागा दिली आणि बोलायला लागले.

ती चकितच झाली. तो माणूस अंधारात, तिच्याकडं न बघता, सलग बोलत होता. म्हणाले, जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी सगळं आभाळ झाडून काढतात, पण सूर्याच्या इतक्या जवळ त्यांना बघता येत नाही. "ही एवढी पट्टीच आपल्यासारख्यासाठी उरलीया बघ. हितं एखादं शेंडेनक्षत्र सगळ्यांची नजर चुकवून येऊ शकतंय."

"आन् आलं तर?"

"पयल्यांदा ज्याला दिसंल त्याचं नाव देत्यात त्याला."

मग त्या रोजच्याच गप्पा झाल्या. तारे राहिले बाजूला. शाळेत असताना आई गेली तेव्हा कोणी आपल्याला जवळ घेतलं नाही, हे त्यांनी तिला त्या छतावर सांगितलं. बॉयलरची आपल्याला सगळी नोकरीभर भीती वाटत होती, हेही. जयवंता बॅटरी धरायची, भिंगावरचं दव पुसायला मऊ फडकं द्यायची आणि ऐकत राहायची. तांबडं फुटलं की मोहनराव गप्प होत ते दुसऱ्या पहाटेपर्यंत. आपल्याला नवरा इतक्या उशिरा भेटला, असं तिच्या मनात येई. पण हे ती कोणाला बोलली नाही.

अशी काही वर्षं गेली. त्या डिसेंबरात उसाच्या तोडी जोरात सुरू झाल्या होत्या. एके दिवशी सकाळीच जयवंता पडवीत पेरू निवडत बसली होती. आतून हाक आली, "जयवंता, हिकडं ये." दिवसाउजेडी मोहनरावांनी हाक मारणं हीच नवलाई होती. ती हात पुसत आत गेली.

पडद्यावर काळ्या आभाळात पांढरे ठिपके होते. मोहनरावांनी बोट ठेवलं. "ही चित्रा. तिच्या खाली ये. आता हे बघ."

ताऱ्यांचे ठिपके टोकदार होते. हा एकच पसरट, हिरवट, कापसाच्या बोळ्यासारखा.

"काचंवरचा डाग असंल," जयवंता म्हणाली.

"डाग जागचा हलंल का?" त्यांनी त्याच पहाटेचा दुसरा फोटो आणला, मग तिसरा. बोळा किंचित सरकला होता. मोहनरावांच्या चेहऱ्यावर हसू होतं. इतक्या वर्षांत ते असं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्यानं ती थोडी घाबरली.

त्यांनी बारामतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या स्वरूपा मॅडमना फोन लावला. मॅडम भौतिकशास्त्राच्या; एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात त्यांची मोहनरावांशी ओळख झाली होती. त्या तेव्हा बाळंतपणासाठी लातूरला माहेरी होत्या. त्यांनी फोटो मागवून घेतले, ठिपक्याची जागा मोजली आणि म्हणाल्या, "काका, नोंदींमध्ये तिथं काहीच नाही. आजच कळवू या." दुपारी धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या केंद्राला मेल गेली. पण मॅडमनी हेही सांगितलं, की एका पहाटेवर कोणी विश्वास ठेवत नाही. असे खोटे ठिपके रोज शेकड्यानं जातात. दुसऱ्या पहाटेला तोच ठिपका पुढं सरकलेला दाखवावा लागेल. तो सूर्याकडं निघालेला दिसतो, म्हणजे रोज आणखी खाली जाणार. वेळ थोडा आहे.

मोहनराव संध्याकाळपर्यंत घरात फेऱ्या मारत होते. "उद्या परत दिसला पायजे," असं दोन-तीनदा म्हणाले. दिवेलागणीला जेवायला बसले आणि त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा ताटात पडला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. हात उठला नाही. जयवंतानं वर पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं.

फोन केल्यावर लोणी देवकरहून इंद्रजित गाडी घेऊन आला. बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात नेईपर्यंत मोहनरावांची शुद्ध अर्धीमुर्धी होती. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. उजवं अंग गेलंय आणि बोलणं गेलंय. रक्तदाबाची गोळी रोज घेत होते का, असं त्यांनी विचारलं. जयवंताला नक्की सांगता येईना. घेतो म्हणायचे, एवढंच तिला माहीत होतं.

पण बोलणं सगळं गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत सोडलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "उद्या."

"पाणी पायजे का?"

"उद्या."

"दुखतंय का कुठं? अवो, मी हाय हितं. वळखलं का मला?"

"उद्या, उद्या."

डॉक्टर भले होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, "मावशी, अशा पेशंटच्या तोंडात कधीकधी एखादाच शब्द राहतो. काहीही म्हणायचं असलं तरी तोच बाहेर येतो. त्यात अर्थ शोधू नका, त्रास होईल तुम्हाला."

जयवंतानं मान हलवली. दिवसभर ती बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. ती पहाट तर गेलीच होती. दुपारी स्वरूपा मॅडमचा फोन आला. त्यांना काही माहीत नव्हतं. त्या मोहनरावांनाच विचारायला बघत होत्या, की आजचे फोटो कसे आले. जयवंतानं सगळं सांगितलं. पलीकडं बाळाचा आवाज येत होता.

"काकू, तुम्ही आता काकांकडं बघा," मॅडम म्हणाल्या. "हे राहू द्या. माझ्याकडं इथं कॅमेरा नाही, आणि ओळखीच्या दोघांना विचारलं तर त्यांच्याकडं धुकं आहे. मिळाला असता तर बरं झालं असतं, पण माणूस मोठा."

"किती दिवस दिसंल तो?"

"फार तर चार-पाच पहाटा. मग सूर्याच्या उजेडात जाईल."

संध्याकाळी जयवंता इंद्रजितला म्हणाली, "मी घरी जाऊन येते. सकाळी म्हागारी येते."

"कापडं आणायचीत का? श्रेया आणंल की."

"फोटू काढायचाय."

इंद्रजित तिच्याकडं बघतच राहिला. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. "आई, आप्पा आत असं पडल्यात आन् तू फोटू काढाय चाललीस? लोकं काय म्हणतील, ते जाऊ दे. तुला तरी कसं जमतंय?"

"आत डाक्टर मला बसू देत न्हाईत. मी बाकड्यावर बसून काय करते?"

"जवळ तर असतीस."

डॉक्टरांचं म्हणणं तिला पटलं होतं; तो शब्द निरर्थक असेल, हे तिला कळत होतं. पण निरर्थक नसला तर? त्या एका शंकेनं तिला बाकड्यावर बसवेना. तिनं पिशवी उचलली आणि एसटी धरली.

पहाटे ती वर गेली. सगळं रोजच्याच जागी होतं, आणि तरी तिला हात कुठं घालावा ते समजेना. इतकी वर्षं तिनं बॅटरी धरली होती. कॅमेऱ्याला ती शिवली नव्हती. मॅडम फोनवरून एकेक सांगत होत्या. यंत्र सुरू झालं, कॅमेराही लागला. पण आभाळ खालच्या बाजूला मळकट दिसत होतं. पलीकडच्या रानात दत्तोबा भोसल्यांचा ऊस तुटला होता, आणि मागं राहिलेल्या वाळक्या पानांचं पाचट पेटवलेलं आदल्या संध्याकाळपासून धुमसत होतं. धुराचा पट्टा नेमका पूर्वेला झोपला होता. तिनं फोटो काढले. रात्री सोबतीला आलेल्या श्रेयानं ते कॉम्प्युटरवर घालून लातूरला पाठवले. थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या, "काकू, धूर आहेच, पण फोकसही गेलाय. तारेच पसरट आलेत. यातून काही कळणार नाही."

जयवंताला रडू आलं नाही. तिला स्वतःचा राग आला. आपण रोज शेजारी बसून नुसतं ऐकत राहिलो, एकदाही विचारलं नाही, की हे कसं करतात.

दवाखान्यात जायच्या आधी ती दत्तोबाच्या घरी गेली. दत्तोबा गोठ्यात होता.

"भावजी, अजून किती पाचट ऱ्हायलंय?"

"हाय की निम्मं. आज सांजच्याला लावतो काडी. का ओ वैनी? मोहनदादा कसं हायत?"

"हायत तसंच. एक मागणं हाय. आज काडी लावू नका. दोन दिस थांबा."

दत्तोबाला कारण कळलं नाही, पण तो आढेवेढे घेणारा माणूस नव्हता. "थांबतो की. दोन दिसानं काय बिघडत न्हाय."

त्याची बायको छबूबाई दारात धारेची चरवी घेऊन उभी होती. तिनं कारण विचारलं, आणि जयवंतानं खरं ते सांगून टाकलं. छबूबाईचा चेहरा बदलला.

"बाई गं, शेंडेनक्षत्र? आन् तेच्याच पाठी लागलीयास तू?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "माझी सासू सांगायची, ते ज्याच्या घरावर नजर टाकतं त्याचं कायतरी घिऊन जातं. सकाळी दादास्नी दिसलं आन् सांजला दादा पडलं. आता तरी सोड की तेचा नाद."

छबूबाईच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ती खरोखरच काळजीनं बोलत होती. पण एसटीत बसल्यावर जयवंताला ते शब्द सोडेनात. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. मोहनरावांनी तिला धूमकेतू म्हणजे काय ते सांगितलं होतं. धुळीचा, बर्फाचा गोळा. त्याला कशाला कोणाचं घर ठाऊक असेल? तरीही सकाळी ते हसू आणि संध्याकाळी ते वाकडं तोंड, हे दोन्ही एकाच दिवशी आलं होतं, आणि ते काही तिला पुसून टाकता येत नव्हतं.

दवाखान्यात मोहनराव झोपेतच होते. तिनं त्यांचा हात हातात घेतला. तो उजवा होता, जड आणि गार. संध्याकाळी ती पुन्हा निघाली तेव्हा इंद्रजितनं फक्त मान फिरवली.

त्या पहाटे थंडी कडक होती आणि आभाळ धुतल्यासारखं. जयवंतानं घाई केली नाही. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे चित्रा पडद्यावर मोठी करून आणली आणि भिंगाचं कडं हळूहळू फिरवत राहिली, चित्रा बारीक होऊन टाचणीच्या टोकाएवढी होईपर्यंत. मग कॅमेरा चित्रेच्या खाली वळवला. दव पुसलं. एक फोटो, दुसरा, तिसरा. फोटो निघत असताना ती नेहमीच्या जागी बसली. शेजारी कोणी बोलत नव्हतं. पहिल्यांदाच तिला ते छत किती मोठं आहे ते जाणवलं. खालून कुठूनतरी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरचा आवाज आला आणि विरून गेला. आभाळाकडं बघितलं तर तिथं काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांना दिसण्याइतका तो मोठा नव्हताच.

उजाडल्यावर श्रेयानं फोटो पाठवले. दोघी फोनजवळ बसून राहिल्या. चहा केला, तो निवला. मग फोन वाजला. स्वरूपा मॅडम होत्या.

"काकू, आहे. खाली सरकलाय, जिथं असायला हवा होता तिथंच. काका बरोबर होते."

श्रेयानं सासूला मिठी मारली. जयवंता म्हणाली, "मी जाते आता, त्यास्नी सांगते."

मिळाली त्या पहिल्या एसटीनं ती बारामतीला पोचली. इंद्रजित बाकड्यावर डोकं धरून बसला होता. तिला बघून तो उठला.

"आप्पा जागं झालं होतं," तो म्हणाला. "पहाटं. नर्सनं मला आत बोलवलं. चांगलं शुद्धीवर होतं. मला वळखलं. हात धरून ठेवला, लई वेळ."

"आन् आता?"

"ताप चढलाय. छातीत कफ झालाय म्हणत्यात. परत झोपवलंय."

तो थांबला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "दाराकडं बघत होतं सारखं."

जयवंता खाली बसली. फोटोचं तिनं त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

पुढं काय झालं ते मग फोनवरूनच कळत गेलं. केंद्रानं ठिपक्याची माहिती जगभर टाकली. चिलीमधून कोणी बघितला, कॅनरी बेटांवरून कोणी बघितला. त्याची वाट कशी जाते त्याचं गणित मांडलं गेलं. आठवडाभरात त्याला क्रमांक मिळाला, आणि क्रमांकाच्या पुढं नाव: बोराटे. स्वरूपा मॅडमनी ते दोनदा वाचून दाखवलं. फार लांबून, पहिल्यांदाच सूर्याजवळ येणारा तो धूमकेतू होता, आणि जानेवारीअखेर सूर्याला वळसा घालून संध्याकाळी पश्चिमेला निघेल, तेव्हा कदाचित नुसत्या डोळ्यांनीही दिसेल, असं त्या म्हणाल्या.

वर्तमानपत्रात बातमी आली. इंदापूरच्या चौकात कोणीतरी मोठा फ्लेक्स लावला. त्यावर मोहनरावांचा नोकरीतल्या ओळखपत्रावरचा गंभीर फोटो, आजूबाजूला काढलेल्या चांदण्या आणि खाली पुढाऱ्यांचे लहान लहान चेहरे. एसटीतून जाताना जयवंताच्या मागं बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, "कवा गेलं गं हे?" जयवंता खिडकीतून बघत राहिली. फ्लेक्स तसाच दिसत होता, त्या बाईची काही चूक नव्हती.

सत्काराला तिला एकटीलाच जावं लागलं. शाल घातली, नारळ दिला. एका शाळकरी मुलीनं माईकवर विचारलं, "आजी, तुम्हाला धूमकेतू कसा दिसला?" जयवंतानं खरं सांगितलं, "मला न्हाय दिसला, बाळ. कॅमेऱ्याला दिसला." लोकांना तो विनोद वाटला.

मोहनरावांना घरी आणलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. पडवीत खाट टाकली. छातीतला कफ बरा झाला, पण पहाटेच्या त्या तासात होती तशी शुद्ध परत आली नाही. भरवलं तर खात. कधी ओळख दिल्यासारखं वाटे, कधी नाही. जयवंतानं वर्तमानपत्र त्यांच्यापुढं धरलं. मग श्रेयाकडून मोठा छापून घेतलेला फोटो धरला, तिनं स्वतः काढलेला. "हे बघा, चित्रा. तिच्या खाली या. तुमचंच नाव दिलंय त्याला. बोराटे." त्यांची नजर कागदावरून घसरून तिच्या बांगड्यांवर गेली आणि तिथंच राहिली. "उद्या," ते म्हणाले.

जानेवारीच्या शेवटी स्वरूपा मॅडम बाळाला घेऊन स्वतः वरकुट्याला आल्या. चहा झाला, बाळाच्या हातावर जयवंतानं साखर ठेवली. मग मॅडमनी अवघडत सांगितलं. धूमकेतू सूर्याजवळ गेला आणि पलीकडून बाहेर आलाच नाही. फुटला. पहिल्यांदाच सूर्याजवळ येणाऱ्या धूमकेतूंचं असं होतं कधीकधी. उन्हानं त्यांचे तुकडे होतात. आता तिथं धुळीचा एक फिकट पट्टा आहे, तोही काही दिवसांत दिसेनासा होईल.

"मग नाव?" जयवंतानं विचारलं.

"नाव राहतं, काकू. नोंदीत राहतं."

मॅडम गेल्यावर जयवंता खाटेजवळ बसली. मोहनराव जागे होते. हे त्यांना सांगावं की नाही, याचा तिनं बराच वेळ विचार केला. त्यांना कळत नसेल तर सांगून उपयोग नाही आणि कळत असेल तर सांगू नये. ती त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली, आणि आपण आता त्यांच्यासारखंच गप्प राहायला लागलो, असं तिला वाटलं.

चैत्रात मोहनराव गेले. सकाळी जयवंता तोंड धुवायला पाणी घेऊन गेली तेव्हा गेलेले होते. छबूबाई आली, गळ्यात पडून रडली. शेंडेनक्षत्राचं मात्र एका शब्दानं बोलली नाही. सगळं क्रियाकर्म उरकलं, पाहुणे पांगले. इंद्रजितनं आणखी दोन दिवस रजा काढली होती.

एका संध्याकाळी तो छतावर गेला. ऊन उतरलं होतं. बऱ्याच वेळानं जयवंताही गुडघे सांभाळत वर गेली आणि त्याच्याजवळ टेकली. दवाखान्यापासून मायलेकरं एकमेकांशी कामापुरतंच बोलत आली होती.

"इंद्रजित," ती म्हणाली, "त्या पहाटं आप्पांनी काय केलं, सगळं सांग मला. काही ठेवू नको."

तो हाताच्या नखानं सिमेंट खरवडत राहिला.

"सांगण्यासारखं काय न्हाय, आई. डोळं उघडलं. मला बघितलं आन् रडाय लागलं. मी म्हनलं, आप्पा, रडू नका. हात धरला. उद्या, उद्या म्हणत होतं, पण हळू. मग दाराकडं बघितलं, मग परत मला. मग झोपलं."

"माझं नाव घेतलं का?"

"न्हाय."

"वर बोट बीट केलं का? खिडकीकडं?"

"न्हाय आई. तसलं काय न्हाय." तो तिच्याकडं वळला. "मला वाटत होतं तू आत्ता यील, आत्ता यील. मीच त्यास्नी सांगत होतो, आई येतीया. मला लई राग आला होता तुझा."

"आजून हाय का?"

"हाय थोडा," तो म्हणाला.

जयवंतानं मान हलवली. इतके महिने तिनं त्या तासाची नाना रूपं मनात रंगवली होती. कधी त्यात मोहनराव तिला बोलवत, कधी विचारत, दिसला का. त्यातलं काहीच झालं नव्हतं. एक आजारी माणूस जागा झाला, मुलाला बघून रडला, दाराकडं बघितलं आणि झोपला. दाराशी ती नव्हती. ती इथं होती, याच छतावर, आणि तिनं जे केलं ते त्यांना हवं होतं की नव्हतं, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"मी तितं असाय पायजे होतं," ती म्हणाली.

इंद्रजित तिथून उठला नाही. पश्चिमेला आभाळ अजून उजळ होतं आणि पलीकडच्या रानात दत्तोबा तुटल्या उसाच्या खोडव्याला पाणी देत होता. खालून श्रेयानं जेवायला हाक मारली. दोघांनी ती ऐकली, आणि अंधार पडेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.